बाराच्या आतला रस्सा

१९७८च्या हिवाळ्यात थायलंडचे एक भन्ते सानगडीला आमच्या वस्तीत मुक्कामाला आले. धानाच्या रोवणीवर मजुरी करणाऱ्या माझ्या वच्छलामावशीने त्यांच्या जेवणाची जबाबदारी घेतली. आमच्या तिखटाने त्यांचे पोट बिघडले; सकाळचे जेवण जाईना आणि दुपारी बारानंतर भन्ते अन्न घेत नाहीत, म्हणून दोन दिवस ते उपाशीच राहिले. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मावशी त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून आलेल्या गुरुजींना म्हणाली, "इचारा त्यायले, बिमार पडल्यावर त्यायची माय काय करून देत होती?"

भन्त्यांनी अंगणातल्या गवती चहाकडे बोट दाखवले. मग आले, लिंबू आणि नारळाचे दूध सांगितले.

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या घरात पूजा उरली नव्हती, त्यामुळे नारळही येत नसे. शेजारच्या कुंताबाईंनी देवापुढचा नारळ उचलून आणला.

"अन् देवाले?" मावशीने विचारले.

"देवाले उद्या आणीन. त्याले बाराची घाई नाही." मग पातेल्यात डोकावून त्या म्हणाल्या, "चहाची पात भाजीत टाकून राहिली का वो?"

भोपळा आणि वालाच्या शेंगा त्या दुधात शिजल्या. पावणेबाराला भन्त्यांनी पात्र रिकामे केले आणि पुन्हा पुढे धरले. उरलेला रस्सा आम्ही मुलांनी भातावर घेतला.

दुसऱ्या दिवशी मावशी कित्येक वर्षांनी नारळ विकत घेऊन आली आणि तो तिने कुंताबाईंच्या हातात ठेवला. माझ्या घरी कुणी आजारी पडले की मी तोच रस्सा करतो, आणि त्या दोघींची आठवण काढूनच तो वाढतो.