नव्वद दिवस, तीन मॅचेस

सासूबाई माझ्या बाळंतपणासाठी म्हणून जर्मनीत ब्राउनश्वाइगला आल्या आणि पाचव्या दिवशी बाळ पोटातच गेलं. छत्तिसावा आठवडा होता. मुलगा होता. इथल्या दफनभूमीत अशा बाळांसाठी एक वेगळा कोपरा असतो, तिथे त्याला ठेवून आलो. सासूबाईंचा व्हिसा नव्वद दिवसांचा, परतीचं तिकीट काढलेलं, म्हणून त्या राहिल्या. मला मुटरशुट्झची रजा होती. बाळ नसलं तरी बाळंतपणाची रजा मिळते, हे मला तेव्हा कळलं. हेबामे, म्हणजे घरी येणारी सुईण, तीही येत राहिली. दूध दाटलं होतं. सेज नावाच्या पाल्याचा चहा प्या, दूध आटेल, असं ती म्हणाली. मी प्यायले. आटलं.

त्या उन्हाळ्यात नवरा रग्बी लीगचा कप खेळत होता. सांगलीला कॉलेजात असताना तो कबड्डी खेळायचा. इथे त्याच्या ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याने, तोच संघाचा कॅप्टन, त्याला या खेळात ओढलं. एका बाजूला तेरा माणसं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरच्यांनी पाडायचं, असं सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. जर्मनीत असे संघ मोजकेच, त्यामुळे कप छोटा. तीन मॅचेस जिंकल्या की कप, एक हरली की घरी.

पहिल्या मॅचच्या दिवशी त्याने बॅग भरली. सासूबाई म्हणाल्या, "आपणही जाऊ गं. घरात बसून भिंती किती बघायच्या?"

मैदान गावाबाहेर होतं, आम्ही कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. दहा मिनिटांत सासूबाईंना खेळ कळला. "अगं, ही तर कबड्डीच. नुसता दम घुमवत नाहीत." मग त्या ओरडायला लागल्या, "पाय धर! अरे, पाय धर त्याचा!" सगळे वळून बघायला लागले. एरवी मला लाज वाटली असती, किंवा हसू आलं असतं. तेव्हा दोन्ही आलं नाही.

मॅच जिंकली. मग कॅप्टनने सगळ्यांना गोल उभं केलं आणि नवऱ्याच्या हातात एक पुडकं ठेवलं. आत संघाची जर्सी होती, वीतभर. पाठीवर चौदा नंबर.

"आमच्यात तेरा असतात," कॅप्टन म्हणाला. "हा आमचा चौदावा."

टाळ्या झाल्या. नवऱ्याने "थँक यू" म्हणून जर्सी घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

गाडीत मी विचारलं, "तू सांगितलं नाहीस?"

"मुलगा झाला, एवढं सांगितलं. पुढचं सांगणारच होतो. तेवढ्यात सगळे हात मिळवायला लागले."

मागून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणत होते रे ते?"

"जिंकलो म्हणून बक्षीस दिलं, आई."

त्यांनी ते एवढंसं कापड बघितलं होतं. मला राग यायला हवा होता. घरी येऊन मी कुकर लावला.

दुसरी मॅच लांबच्या गावी होती, क्लबने बस केली होती. कॅप्टनची बायको, जर्मन, माझ्याशेजारी येऊन बसली. "बाळ कुणाकडे आहे?" तिने विचारलं.

"मैत्रिणीकडे," मी म्हणाले.

"आणि दूध?"

"काढून ठेवलंय."

"रात्री झोपतो का?"

"हो, हो. शांत आहे."

इतकं सरळ बोलून गेले मी. आवाजसुद्धा हलला नाही. ती आपल्या मुलांच्या लहानपणचं सांगत राहिली, मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करत राहिले. पलीकडच्या सीटवरून सासूबाई आमच्या तोंडांकडे बघत होत्या.

त्या मॅचमध्ये नवऱ्याची भुवई फाटली. रक्त गालावरून जर्सीवर आलं. त्याला बाहेर बसवलं, मी कापसाची गादी दाबून धरली.

"जोरात दाब," तो म्हणाला.

"दुखत नाही?"

"नाही ना. म्हणून तर सांगतोय."

पट्टी बांधून तो परत आत गेला. समोरचा कितीही आडदांड असो, हा सरळ जाऊन आदळायचा. लोक वा वा करत होते. एका गुणाने आम्ही ती मॅच जिंकलो आणि फायनलला गेलो.

पुढच्या आठवड्यात त्याने मला फोन दाखवला. संघाच्या ग्रुपवर ठरलं होतं की फायनलच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, सगळ्यांनी बाळाला बघायला आमच्याकडे यायचं. कोण कुठला केक आणणार, तेसुद्धा ठरलं होतं.

"काय लिहू?"

"मला माहीत नाही."

त्याने ग्रुपवर अंगठ्याची खूण टाकली.

फायनलच्या दिवशी पार्किंगमध्ये आम्ही उतरलो. सासूबाई गाडीच्या दारापाशी उभ्या राहिल्या आणि नवऱ्याची खेळाची बॅग त्यांनी धरून ठेवली.

"त्या माणसांना सांग."

"आई, मॅच झाल्यावर."

"आत्ता. मला इंग्रजी येत नाही, पण तुझ्या फोनवर बोलतात त्यातलं बेबी आणि केक कळतं. उद्या ती सगळी दारात येणार. दार मी उघडणार. काय सांगू मी त्यांना? मला तर त्यांची भाषापण येत नाही."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला होता. नवऱ्याने बॅग घेतली आणि तो ड्रेसिंग रूममध्ये गेला. आम्ही दोघी बाहेर थांबलो. आतून गाणी वाजत होती, ती बंद झाली.

संघ बाहेर आला तेव्हा कॅप्टन आमच्यापाशी थांबला. मला "सॉरी" म्हणाला. मग सासूबाईंपुढे येऊन उभा राहिला. त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "जा बाबा, खेळ," त्या मराठीत म्हणाल्या. तो गेला.

मॅच आम्ही हरलो, आणि वाईट हरलो. हातातले साधे चेंडू सुटत होते. शेवटची काही मिनिटं उरली असताना नवऱ्याला दोघांनी पाडलं, ते दोघे उठले आणि हा उठलाच नाही. पंचांनी घड्याळ थांबवलं. औषधांची पेटी घेऊन एक बाई धावली, वाकली आणि हळूच मागे सरकली. त्याला काही लागलं नव्हतं. तो गवतात तोंड खुपसून रडत होता. कॅप्टन त्याच्याशेजारी खाली बसला. बाकीचे भोवती उभे राहिले, समोरच्या संघातलेसुद्धा. सासूबाई उठून थेट मैदानात गेल्या, कुणी अडवलं नाही. मी खुर्चीत बसून होते. जावंसं वाटत नव्हतं असं नाही. काही वाटतच नव्हतं.

रविवारी कॅप्टनची बायको एकटी आली. केक नव्हता, बटाट्याचं सूप होतं. बसमधल्या खोट्याबद्दल मी माफी मागायला लागले, तर तिने हात हलवून ते बाजूला केलं. मग म्हणाली, "दिसायला कसा होता?"

तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. डोक्यावर भरपूर काळे केस. कान बापासारखे, बाहेर आलेले. डाव्या हाताची नखं थोडी वाढलेली. मी सांगत गेले, नवरा भांडी घासता घासता थांबला.

"नखं उजव्या हाताचीही वाढली होती," तो म्हणाला.

त्याने बघितली होती, हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं त्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होतो.

नऊ दिवसांनी सासूबाई गेल्या. महिनाभराने माझी रजा संपली. ऑफिसच्या पहिल्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी काही विचारायच्या आत मी सगळ्यांना सांगून टाकलं, आणि लॅपटॉप उघडला.