हवेत बसलेला ड्रायव्हर

माझ्याकडे एक माणूस होता. उंची करंगळीएवढी, डोक्यावर तपकिरी हॅट, अंगात निळा डगला, गुडघे वाकलेले, दोन्ही हात पुढे आणि मुठी आवळलेल्या. तो बसलेला होता. कशावर, ते विचारू नका, कारण खाली काहीच नव्हतं. हवेत बसलेला शिशाचा माणूस! त्याच्या बुडाला एक बारीक गोल भोक होतं, म्हणजे हा कशाच्या तरी खुंटीवर अडकवून बसवायचा असणार, एवढं कळत होतं. माझ्या बायकोनं त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"अवो माय! हा काहून असा बसला जी? पोट साफ होत नाही का बिचाऱ्याचं?"

मी आवाज खर्जात नेऊन, जणू दरबारात कुणाची ओळख करून देतोय अशा थाटात सांगितलं, "हा विलायती शेतकरी आहे. ट्रॅक्टर चालवून राहिला."

"मंग ट्रॅक्टर कुठं आहे?"

हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून राहिला.

मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो आणि नागपुरात महाल वस्तीत एका माडीवर राहत होतो. माणसाला एखादं व्यसन असावं, तसं मला शेतीच्या खेळण्यांचं होतं. माझी स्वतःची हातभर शेती नव्हती, पण कपाटात मात्र बागाईत होती. नागपुरी सुतारांनी घडवलेले चाकांवरचे लाकडी बैल होते, शिशाच्या गाई होत्या, पाय मोडलेली एक मेंढी होती, बादली हरवलेली गवळण होती. चावी दिली की गोल गोल फिरणारा एक पत्र्याचा ट्रॅक्टरही होता, पण तो फक्त डावीकडेच वळायचा. विलायती माल बहुतेक कामठीहून यायचा. तिथल्या छावणीतले गोरे साहेब गेले, त्यांच्या बंगल्यांतलं सामान भंगारवाल्यांकडे आलं, आणि त्यांच्या पोरांची खेळणी खिळे-बिजागऱ्यांच्या ढिगात येऊन पडली. हा ड्रायव्हरही असाच, कुलपांच्या डब्यात सापडला होता.

साऱ्या नागपुरात हे व्यसन असलेला आणखी एकच माणूस मला माहीत होता. तो माझा मित्र. दोन गल्ल्या सोडून राहायचा, शाळेत चित्रकला शिकवायचा. दर रविवारी सकाळी तो माझा जिना चढायचा, कपाट उघडायचा आणि माझ्या आधी माझ्याच गाईंची विचारपूस करायचा. मग बायको चहा आणायची. आम्ही दोन बाप्ये जमिनीवर मांडी घालून मेंढीचा पाय कसा जोडावा यावर असं बोलायचो, की खाली राहणाऱ्या घरमालकाला वाटे, वर कुणाचं ऑपरेशन चाललं आहे.

आमच्यात एक नियम होता, आणि तो त्यानेच घातला होता. त्याच्याकडे एक विलायती बैलगाडी होती, पण तिला बैल एकच. एकदा महालातल्या एका जुन्या बाजाराच्या दुकानात मला दुसरा मिळाला. तोच रंग, तेच शिंग. मी तो खिशात घालून तडक त्याच्या घरी गेलो. माझ्याही मनात आलं होतं, ठेवावा. कोणाच्या येत नाही? पण गाडी पाहिली आणि बैल जुवाखाली उभा केला. मित्राचे डोळे भरून आले. त्याने माझा हात धरला आणि गावच्या पाटलासारखा म्हणाला, "जोडी फोडाची नाही गा. आपल्या दोघांत हे ठरलं. ज्याच्याजवळ अर्धं असन, पुरं त्याचं. तुझ्या ड्रायव्हरचा ट्रॅक्टर मले भेटला, तर देवाशपथ, तुझ्या घरी आणून देईन."

मी कुणाची शपथ इतकी मनापासून ऐकली नव्हती. तो बोलायचाच छान.

त्यानंतर आम्ही ट्रॅक्टर शोधू लागलो. सायकली काढायच्या, कामठीला जायचं, कन्हानपर्यंत धडकायचं, सावनेरच्या बाजारातही एकदा चक्कर झाली. दुकानापुढे सायकल टेकवून मित्रच आधी विचारायचा. लाल रंगाचा, एवढा एवढा, लोखंडी, बसायच्या जागी खुंटी असलेला. खुंटीचं तो बोटानं करून दाखवायचा. रंग लाल असणार हे त्याला कसं ठाऊक, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ट्रॅक्टर म्हटला की लालच, असं माझंही मत होतं.

एकदा कामठीतला एक म्हातारा भंगारवाला त्याला पाहून हसला. "फिर आ गए साब? अब उसका भाई ढूँढ रहे हो क्या?"

मित्र दाढी खाजवत म्हणाला, "कोणाशी गल्लत करून राहिला हा. चाल, पुढं पाहू." आणि सायकलवर टांग टाकून निघालासुद्धा. मला त्या म्हाताऱ्याची दया आली. वय झालं की माणसाला चेहरे आठवत नाहीत, असं मी मित्राला वाटेत समजावून सांगितलं! त्याने गंभीरपणे मान हलवली. परतताना मला ऊन लागलं, तर त्याने आपला रुमाल ओला करून माझ्या डोक्यावर ठेवला. "भेटन गा कधीतरी," तो म्हणाला. "निराश नको होऊ."

आता तान्ह्या पोळ्याकडे येतो. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. लाकडी बैलांना बेगड, फुलं, घुंगरं बांधून पोट्टे-पोट्ट्या घरोघर फिरतात. ज्याच्या दारात बैल आला त्याने त्याच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं आणि बैलापुढे खाऊ नाहीतर नाणं ठेवायचं. त्याला बोजारा म्हणतात. त्या दिवशी सकाळी मारबत, म्हणजे राक्षसिणीचा भला मोठा पुतळा, मिरवत निघते. गावची इडापिडा, रोगराई सोबत घेऊन जा म्हणून लोक तिच्यामागे ओरडत जातात. त्या वर्षीही ती सगळी पीडा घेऊन गेली. माझी तेवढी विसरली.

संध्याकाळी बायको ताट घेऊन खालच्या दारात बसली होती आणि मी बाजूला बसून बैलांची परीक्षा करत होतो. एवढ्यात बोळाच्या टोकाकडून पोरांचा कल्ला आला. मित्राची पोरगी येत होती, आणि तिच्या मागे ही गर्दी. तिची आई तिला आपल्या गल्लीबाहेर सोडत नसे, पण त्या दिवशी तिचा बैल इतका गाजला होता की पोरं तिला दारोदार ओढत आणत होती. आमच्या दारात ती थांबली, दोरी ढिली केली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू, आमच्या बैलाले पाणी घाला."

बैलाला चार चाकं होती. मागची मोठी, पुढची लहान. तोंडाला बेगड, धुराड्यात झेंडूचं फूल. बाकी सगळा लाल.

माझ्या बायकोनं पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं. तोवर मी पायरीवरून खाली आलो होतो. कसा आलो ते आठवत नाही. बसायच्या जागी खुंटी होती.

"हा कोणाचा बैल वं?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण जरा दुसरीकडून आल्यासारखा.

"बाबांचा. बाबांनं कामठीवरून आणला, मागच्या उन्हाळ्यात. गोदड्यांच्या पेटीत लपवून ठेवला होता."

"मग आज बाहेर कसा?"

"आईनं काढून दिला. माझ्या मामानं बैल विकले आणि ट्रॅक्टर घेतला न सावनेरले, तर मामा पोळ्याले ट्रॅक्टरचीच पूजा करते. मी आईले म्हटलं, मंग आपला काहून पेटीत? आई म्हणे, बरोबर आहे, सणाच्या दिवशी घरचं जनावर कोंडून ठेवत नसते."

"आणि बाबा?"

"बाबा चौकात आहेत. बैलांचे नंबर काढून राहिले."

खरंच होतं. सजवलेल्या बैलांच्या स्पर्धेत मित्र परीक्षक होता. तिकडे तो मंडपात खुर्चीवर बसून न्यायनिवाडा करत होता, आणि इकडे त्याचा ट्रॅक्टर, त्याच्याच पोरीच्या हातून, साऱ्या महालातल्या नेमक्या त्या एका दारात येऊन उभा होता.

मागचा उन्हाळा! म्हणजे यंदा सावनेरला गेलो तेव्हा तो पेटीत होता. ओला रुमाल माझ्या डोक्यावर ठेवला तेव्हाही पेटीतच. तो म्हातारा भंगारवाला एकटाच शुद्धीवर होता, आणि मी त्याची कीव केली होती.

मी वर गेलो, कपाट उघडलं, ड्रायव्हर मुठीत घेतला आणि खाली आलो. मला फक्त बघायचं होतं. चिडायला तर सारं आयुष्य पडलं होतं. मी वाकलो आणि त्याला खुंटीवर टेकवला. टक् असा आवाज झाला. त्याच्या मुठी नेमक्या स्टिअरिंगवर आल्या. गुडघ्यांखाली जागा होती, हॅटचा रोख पुढे होता. इतकी वर्षं हवेत बसलेला माणूस पहिल्यांदा खाली टेकला आणि, आई शप्पथ सांगतो, त्याचे खांदे सैल झाल्यासारखे वाटले.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी त्याला काढायला हात घातला.

"काका!" पोरीनं दोरी मागे ओढली. "बैलावर ठेवलेला बोजारा वापस घेत नसते!"

"तो बोजारा नाही वं. मी नुसता लावून पाहत होतो."

"लावून कोण पाहते? काकांनं बोजारा देला आणि आता घेऊन राहिले!" तिनं मागे वळून पंचायत बोलावली. सगळी पोरं एका सुरात ओरडली, "काका चीटर! काका चीटर!"

चीटर! मी! त्या साऱ्या मामल्यात, मी!

मी बायकोकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण हातात ताट, समोर सण, बोळातल्या साऱ्या बायका दारात. ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या जी. दारात आलेल्या बैलाच्या तोंडचं काढता का?"

ट्रॅक्टर निघाला. दगडी बोळातून खडखडत, ड्रायव्हरची पाठ माझ्याकडे. वळणावर तो जरा डुलला, आणि मला वाटलं आता मागे वळून बघेल. शिशाचा तो. त्याची मान कुठली वळते!

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना वाजला. रविवार नव्हता, तरी पावलं ओळखीची होती. मित्र दारात उभा. चप्पल काढली, पण नेहमीसारखा कपाटाकडे गेला नाही. खिशातून रुमाल काढला. तोच तो. उलगडला. त्यात माझा ड्रायव्हर, पुन्हा हवेत बसलेला.

"हा घे. पोट्टीनं चुकून आणला."

"आणि?"

"आणि काय?"

"आणखी काही माझं तुझ्याकडं राहिलं नाही ना?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "दुसऱ्याची वस्तू मी ठेवत नाही गा. म्हणून तर सकाळी सकाळी आलो."

मी थक्क झालो. हा माणूस प्रामाणिकपणा दाखवायला आला होता! ड्रायव्हर माझा, म्हणून परत. ट्रॅक्टर त्याला मिळाला, म्हणून त्याचा.

"जोडी फोडाची नाही, हे कोण म्हटलं होतं?"

"मीच."

"आणि बैल कसा आहे माझा? चारापाणी बरोबर करतो का त्याचं?"

त्याने रुमालातल्या ड्रायव्हरकडे पाहिलं. मग एकदम म्हणाला, "मी तुले सांगणारच होतो. तुझ्यासाठी दुसरा भेटला की सांगणार होतो. खरंच शोधून राहिलो होतो गा. तुले वाटते नाटक केलं, पण त्या उन्हात मी तुझ्यासाठीच फिरलो."

आणि वाईट काय सांगू? ते खरं होतं. तो खोटं बोलताना दाढी खाजवायचा आणि आता त्याचे हात स्थिर होते. माझा ट्रॅक्टर पेटीत ठेवून तो मनापासून माझ्यासाठी ट्रॅक्टर शोधत होता. नुसता चोर असता, तर मला सोपं गेलं असतं.

मी हात मागे बांधले. "नेऊन लाव त्याला जागेवर. बोजारा परत घेत नसतात. तुझ्या पोरीनं साऱ्या बोळासमोर शिकवलं मला."

"असं नको करू."

"काहून? आता वस्तू पुरी झाली तुझी. पेटीतून काढ, काचेच्या कपाटात मांड, चार लोकांना बोलाव, दाखव."

त्याने रुमाल पुन्हा गुंडाळला, एक एक टोक आत घेत, जणू आत दुखणारं काही आहे.

"कोणाले दाखवू?" तो म्हणाला.

नागपुरात ते बघून ज्याचा श्वास अडकला असता असा एकच इसम होता, आणि तो मी होतो. मित्र थोडा वेळ थांबला. बहुतेक मी "बस" म्हणेन म्हणून. मग रुमाल खिशात घालून जिना उतरून गेला, आणि दर रविवारी वाजणारा तो जिना त्यानंतर वाजला नाही.

बायको सवयीने दोन कप चहा घेऊन आली. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही कप माझ्यापुढे ठेवले. मी दोन्ही प्यायलो. दुसरा जरा गार झाला होता.