शेवळांतली काकडं

परवा विरारच्या बाजारात शेवळांची जुडी घेतली, तर भाजीवालीनं वर मूठभर काकडं टाकली. त्या हिरव्या, आंबट वासानं मी थेट लग्नाच्या वर्षात गेले बघा.

मी घाटावरची, इथल्या रानभाज्या मला नवीन. सासूबाईंनी चिंचोटीच्या रानातून शेवळं खुडून आणली, सोबत ही फळंही. मला वाटलं, कच्चे आवळे! दिले बकरीला, नि भाजी तशीच रांधली. शेवळांनी घशाला खाज सुटते आणि ती मारायला काकडाचाच रस लागतो, हे मला कुठलं माहीत?

पहिल्याच घासाला मामंजी खोकत उठले. "कोनी रांधलंय हे? घसा सोलला!"

मनात आलं, आता माहेरी धाडतात की काय!

"काकडं टाकायला मीच इसरली," सासूबाई म्हणाल्या. "पानी प्या नि गप बसा."

शेवळं रांधावीत तर त्यांनीच, असं गावात त्यांचं नाव होतं. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. आता मीही सासू झालेय, तर कळतं त्यांनी काय दिलं ते. मामंजी शेवटपर्यंत दर पावसाळ्यात, पाहुण्यांसमोर, त्यावरून त्यांना चिडवायचे. सासूबाई हसायच्या, पण एकदाही त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.