एझ्रा लारवुडचं अर्धा तास पुढचं घड्याळ

आमच्या नॉरफोकात एझ्रा लारवुडसारखा हाकारा घालणारा झाला नाही आणि होणारही नाही. कुणाला पटत नसेल त्याने समोर येऊन बोलावं. सँड्रिंगहॅमच्या इस्टेटीवर राजाची शिकार असली की झुडपांतनं पक्षी उठवायला माणसांची लांबच लांब रांग लागायची, आणि त्या रांगेचा मुकादम एझ्रा. शाळा म्हणाल तर जेमतेम. पण रांग जरा वाकडी झाली की एका शिट्टीत सरळ. लारवुडांचं रक्तच तसं.

राजाच्या इस्टेटीवर सगळी घड्याळं अर्धा तास पुढे असायची. हिवाळ्यात उजेड तो केवढासा, तो शिकारीला पुरावा म्हणून राजाच्या बापाने ती चाल पाडली, आणि राजाने बापाचा मान राखून ती चालवली. गाव आपलं जगाच्या वेळेवर चालायचं. एझ्राने मात्र घरातलं घड्याळही राजाच्या वेळेला लावलं. संध्याकाळी सातला जेवण, आणि सातच्या ठोक्याला दाराला कडी. मग बाहेर कुणी का असेना.

त्या कडीने त्याचा एकुलता एक पोरगा घालवला. रुबेन कामाच्या शोधात लिन शहराला गेला होता, गारठून बसने परत आला. दार बंद.

"बाबा, दार उघडा! सात कुठे वाजलेत अजून?"

"माझ्या घरात वाजले," आतनं एझ्रा म्हणाला.

रुबेन त्या रात्री टोबायस मॉब्ज न्हाव्याकडे झोपला आणि उजाडताच हल बंदराच्या गोदीवर निघून गेला, तो आलाच नाही. तेव्हापासून एझ्राची बायको हेस्टर घड्याळाकडे पाठ करून जेवायची. चार हिवाळे गेले. कुणी काही बोललं की एझ्राचं एकच, "राजाने आपली पोरं अशीच वळणावर आणली. राजाला शिकवायला जाता का?"

छत्तीसच्या जानेवारीत राजा गेला. आणि त्याच रात्री त्याच्या पोराने, नव्या राजाने, हुकूम सोडला, की घड्याळं मागे घ्या.

एझ्रा मॉब्जच्या दुकानात शिरला तोच लालबुंद होऊन.

"बापाचं अंग गार व्हायच्या आत! अर्धा दिवस दम निघाला नाही? घड्याळांनी काय घोडं मारलं होतं त्याचं?"

मॉब्ज वस्तरा पुसत होता. "बापाने पोराचं काय घोडं मारलं होतं, ते विचार. पोरं चळचळा कापायची म्हणतात त्याच्यासमोर."

"तोंड सांभाळ, टोबायस! मोठ्या लढाईत लोकांनी पिणं सोडावं म्हणून त्याने स्वतःच्या घरातली दारू बंद केली. फ्रान्सात सैनिक बघायला गेला आणि घोड्यावरनं पडून हाडं मोडून घेतली. कर्तव्य म्हणजे काय ते त्याला विचारावं."

"राजा चांगला होता रे, मी कुठे नाही म्हणतो? त्याच्या शवपेटीला मीही टोपी काढणार. पण बाप म्हणून? ज्या पोराने पहिल्या रात्रीच घड्याळं फिरवली, त्याच्या पोटात किती वर्षं काय साठलं असेल?" मॉब्जने वस्तरा खाली ठेवला. "तुझाही येतोय. रुबेन. उद्या राजाची पेटी स्टेशनवर नेणार ना, ती बघायला. लिनला भेटला मला. आज संध्याकाळी सातच्या बसने येतो म्हणाला. म्हणाला, दार बंद असलं तर टोबायसकाका, तुमच्याकडे झोपेन, आणि मग परत कधी ते दार ठोठावणार नाही."

एझ्रा दाढी न करताच घरी आला. संताप कुणावर काढावा ते कळेना, म्हणून बूट भिंतीवर आपटले. रुबेन येतोय ते त्याने हेस्टरला सांगितलं, आणि वर म्हणाला, "घड्याळाला हात लावशील तर बघ. मालक अजून मातीत गेलेला नाही."

हेस्टर सशाचा रस्सा ढवळत होती. चार वर्षांचं तोंडाशी आलं तिच्या. "नाही लावत. पण एक सांगा. राजाने घड्याळ पुढे केलं ते कशाला? उजेड मिळावा म्हणून ना? लोकांना अंधारात उभं करायला केलं होतं का? राजाचं नाव घेऊन तुम्ही स्वतःचा हट्ट चालवलात. आणि राजानेही पोरांशी तसंच केलं असेल, तर तो राजा म्हणून थोर, आणि बाप म्हणून तुमच्यासारखाच दगड!"

दुसरं कुणी असं बोललं असतं तर एझ्राने दात पाडले असते. रश्शातले पिठाचे गोळे फुगून वर आले. घड्याळाचे ठोके पडायला लागले. हेस्टरने डोळे मिटले.

एझ्रा उठला. मेलेल्या मालकाचा नेम तो मोडणार नव्हता, लारवुड होता तो. त्याने कोट घातला, बाहेर पडला आणि दार ओढून घेतलं.

"लाव कडी," बाहेरनं ओरडला.

"काय?"

"सात वाजले ना? मग लाव! ह्या घराचा नेम सगळ्यांना सारखा."

कडी पडली. तो पायरीवर बसला. बर्फासारखा वारा मानेत शिरत होता, आणि तो राजाला शिव्या घालत होता, नव्या आणि जुन्या दोघांनाही. जन्मात पहिल्यांदा. अर्धा तास किती लांब असतो ते त्याला त्या पायरीवर कळलं.

बस आली. फाटकाशी रुबेन थबकला.

"बाबा? बाहेर का बसलात?"

"आत घेत नाहीत," एझ्रा खेकसला. "उशीर झाला."

रुबेनला हसावं की रडावं कळेना. तो येऊन शेजारी टेकला. "तुम्हालाही?"

"थोबाड बंद कर आणि दार ठोठाव. माझ्यासाठी ती उघडायची नाही."

रुबेनने हात उचलला, पण दारावर पडायच्या आधीच आतनं कडी निघाली.