दहाची हाक

आमच्या प्रयोगशाळेत सगळेच त्यांना ताई म्हणायचे, कारण त्यांचा सख्खा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर बसायचा आणि जिन्यातूनच "ताई!" म्हणून ओरडत यायचा. तपासण्यांचे अहवाल पाठवणारे प्रोग्राम तो लिहायचा. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालायचा. कुठल्या डब्याने कोणाशी बोलायचं ते ताई ठरवायच्या. माउसला हात लावायच्या नाहीत. काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करून जोडायच्या नि तोडायच्या. "ज्याला काम नाही त्याला जोडणी नाही," हे त्यांचं ठाम मत. आमच्या गप्पांनाही त्या तेच लावायच्या.

नवी जोडणी तपासायची दोघांची पद्धत ठरलेली. तो वरून डब्यातून निरोप पाठवायचा, "ताई, आहेस का?" खालून ताई टाइप करायच्या, "आहे." मग तो जिन्यात येऊन ओरडायचा, "पोचलं!"

मग आईचं झालं. ताईंनी आईला वृद्धाश्रमात ठेवलं, तो म्हणाला, "तू आईला टाकलंस," आणि आई तिथेच वारली. त्यानंतर तीन वर्षं दोघं जिन्यात समोरासमोर आले तरी भिंतीकडे बघत जायचे. मला दोघांचाही राग यायचा. एवढी शिकलेली माणसं, आणि अबोला कसा, तर शाळेतल्या पोरांसारखा!

यंदा तो आजारी पडला आणि घरूनच काम करू लागला. काय झालंय ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. एका सकाळी ताईंना आपल्या नेटवर्कवर एक अनोळखी डबा दिसला. नाव नाही, नुसता आकडा. आत काय आहे ते बघायच्या भानगडीत त्या कधीच पडत नसत. "कोणीतरी चाचणी करून विसरलंय," म्हणाल्या आणि एका ओळीत त्याची जोडणी तोडून टाकली. मी शेजारीच बसलो होतो. 

दोन महिन्यांनी तो वारला. त्याचे डबे आवरायचं काम माझ्याकडे आलं. त्या आकडेवाल्या डब्यातल्या नोंदी उघडल्या. रोज सकाळी दहाला एकच ओळ, "ताई, आहेस का?" आणि तिच्याखाली, "पोचलं नाही." डबा आपोआप चालूच होता, त्यामुळे तो गेल्यानंतरच्या नऊ दिवसांचीही नोंद होती. नाव मुद्दामच दिलं नसावं. आपलं नाव दिसलं तर ताई दार उघडणार नाही, असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

लपवावंसं फार वाटलं, पण जमलं नाही. ताईंनी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली.

"मीच तोडलं रे," एवढंच म्हणाल्या आणि टेबलावर डोकं टेकून रडल्या. मी पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या साडेनऊलाच आल्या. एका ओळीत डबा परत जोडला. दहाला पडद्यावर उमटलं, "ताई, आहेस का?"  ताईंनी टाइप केलं, "आहे."

"पोचलं," असं आलं, आणि डबा बंद झाला. उत्तर मिळालं की थांबायचं, एवढंच भावाने त्या डब्याला सांगून ठेवलं होतं.

आता रोज दहाला ताई हातातलं काम थांबवून पडद्याकडे बघत बसतात. मी त्या वेळी चहा आणायला उठतो.