गाईच्या मुखी

माझ्या आईनं पहाटे उठून केलेल्या पुरणपोळ्या काकूंनी गाईच्या गव्हाणीत टाकल्या. मी बघत होते.

चौदा एप्रिल, जयंतीचा दिवस होता. मी सातवीत. आमची वस्ती काष्टी गावाच्या बाहेर, आणि रस्त्याच्या पलीकडे काकूंचा बंगला. ऊस, गोठा, दारात जीप. सगळी वस्ती त्यांना काकूच म्हणायची. आईनं स्टीलचा नवा डबा घासला, भरला, वर धुतलेलं फडकं बांधलं. म्हणाली, "काकूंना नेऊन दे. गरम हायेत तवरच."

काकूंनी डबा हसून घेतला. माझ्या नव्या फ्रॉकचं कौतुक केलं. "थांब, डबा मोकळा करून देते," म्हणून आत गेल्या. मला त्यांचं वासरू बघायचं होतं. मी घराला वळसा घालून गोठ्याकडे गेले. तिथं काकू उभ्या होत्या. डबा उपडा. त्यांची सून शेण भरत होती.

"आत्या, ताज्या हायेत की," सून म्हणाली.

"असू दे. आपल्यात कोन खानार हाय? गाईच्या मुखी गेल्या म्हंजी पुण्यच."

मग त्यांना मी दिसले. त्या दचकल्या नाहीत. हे मला आजही जास्त लागतं. काही चुकलं असं वाटलं तर माणूस निदान नजर तरी चुकवतो. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं. त्यांनी डबा नळाखाली विसळला आणि त्यात मूठभर साखर घालून माझ्या हातात दिला. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ती रीत त्यांनी पाळली.

घरी आई चुलीपुढं होती. "खाल्ल्या का गं त्यांनी?"

मी साखरेचा डबा खाली ठेवला. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग परत तव्याकडे.

"गाईला घातल्या व्हय. असू दे. गाय बी जीवच हाय."

म्हणजे तिला माहीत होतं. दर वर्षी माहीत होतं, आणि दर वर्षी ती पाठवत होती.

मला काकूंचा राग यायला हवा होता. आला नाही. मला आईची लाज वाटली. तिच्या पिठानं माखलेल्या हातांची लाज वाटली. त्या हातांनी मला जेवू घातलं होतं, म्हणून माझी स्वतःचीही.

काकू वाईट आहेत असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. उन्हाळ्यात रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही त्या थांबवून ताक देतात. माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा काकूंच्याच मुलानं जीप काढली, दौंडला दवाखान्यात नेलं, शुद्धीवर येईपर्यंत तिथं थांबला. वडील वाचले ते त्या जीपमुळं. हे मी कधी नाकारणार नाही.

दिवाळीला त्यांचा फराळ यायचा. श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात. "डबा परत आनू नको, असू दे तुमालाच." शेजारच्या गुरुजींकडं मात्र त्यांचा स्टीलचा डबा जायचा, आणि गुरुजींच्या घरून भरून परत यायचा. आमच्या फळीवर श्रीखंडाचे डबे साठत गेले. एकात मीठ, एकात मिरची, एकात साबणाचे तुकडे. मला वाटायचं, केवढं मोठं मन. आमच्या घरातलं काही त्यांच्या घरात परत जाऊ नये याची ती सोय होती, हे कळायला मला कॉलेजचं वय यावं लागलं.

आणि तेही कॉलेजात नाही, आमच्याच उंबऱ्यात कळलं. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई तान्हं पोर घेऊन आमच्या दारात आली. पोर तापानं फणफणलेलं. आईनं तिला आत घेतलं, पोराचं अंग पुसलं, मला औषधाला पिटाळलं. दुसऱ्या दिवशी ती बाई पदराखाली भाकरी आणि ठेचा घेऊन आली. आईनं तिथंच उंबऱ्यात बसून तुकडा मोडला.

"लई झनझनीत केलाय गं बया," डोळे पुसत म्हणाली.

"मग काय, पानचट डाळ आनू का?" ती बाई म्हणाली. दोघी हसत सुटल्या.

मी बघत राहिले. काकू आमच्या उंबऱ्यात कधी बसल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत आमच्याकडं घोटभर पाणी प्याल्या नव्हत्या.

गेल्या दिवाळीला काकू स्वतः फराळ घेऊन आल्या. मी ओट्यावर होते.

"काकू, आत या. आईनं बेसनाचे लाडू केलेत. एक खा, मग तुमचा फराळ घेते."

"आज उपास हाय मला."

"मग उद्या या. तोवर डबा तुमच्याकडंच राहू द्या."

आई आतून धावत आली. "येडी हाय ती, काकू. मनाव घेऊ नका."

काकूंचा आवाज चढला नाही. "तुझ्या बापाला गाडीत घातलं तवा आमी इचारलं हुतं का, कुनाचा कोन?"

"नव्हतं विचारलं. म्हणूनच म्हणते. ज्यांनी माझा बाप वाचवला, त्यांना आमचा लाडू का चालू नये?"

काकू डबा घेऊन वळल्या. जाताना आईला एवढंच म्हणाल्या, "चांगली शिकवलीस पोरगी."

आई परत चुलीपुढं जाऊन बसली. बोलली तेव्हा एकच बोलली. "उद्या तुझ्या बापाला परत कळ आली, तर कुनाची गाडी मागू?"

वडील खाटेवर पडून ऐकत होते. मी मान खाली घातली. ताठ मी झाले होते आणि जीव त्यांचा टांगणीला लागला होता.

कळ आली तर मी रस्त्यात उभी राहीन. टेम्पो, ट्रॅक्टर, दुधाची गाडी, येईल ती अडवीन. वेळ आली तर काकूंची जीपही मागीन, आणि मोठ्यानं मागीन. मरणाऱ्याला दवाखान्यात नेणं हे माणसाचं काम आहे. त्याचं भाडं जन्मभर मान खाली घालून द्यायचं नसतं. आईला हे पटत नाही. तिला भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे. तरीही ज्या घराला आमच्या हातचं चालत नाही, त्या घरचा घास आता आमच्या घरात येणार नाही. आईला दुखवावं लागलं तरी नाही.