रेकॉर्डचं सोवळं

आमच्या आईचं सोवळं फार कडक. लोणच्याच्या बरणीला पारोसा हात लागला की ती घर डोक्यावर घ्यायची. कॉलेजात असताना मी भांडून भांडून ते बंद पाडलं आणि स्वतःला मोठा सुधारक समजत राहिलो. पुढे पंचेचाळिशीत मला जुन्या इंग्लिश रॉकच्या रेकॉर्डी जमवायचा नाद लागला आणि तेच सोवळं मागल्या दाराने घरात आलं. रेकॉर्डला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. मग ते वाळेपर्यंत वर धरून बसायचं. धरायच्या त्या फक्त कडा. डोक्याला खोबरेल असेल तर त्या खोलीत यायचंच नाही. आणि हे सगळं कुठे, तर दिवेआगरात, पोफळीच्या वाडीत, जिथे पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते.

या पंथाचे आमचे गुरू म्हणजे किहीमला बंगला बांधलेले मुंबईचे एक डॉक्टर. त्यांच्या रेकॉर्डींना स्वतंत्र एसी खोली. बंगला सांभाळणाऱ्या बाईच्या खोलीत पंखाही धड नाही, पण ते असो. गाणं काय, मोबाईलवरही ऐकता येतं, खरी किंमत पहिल्या छपाईला, हे त्यांनी मला शिकवलं. रेकॉर्डच्या मधल्या कागदालगत, जिथे गाणं संपतं, तिथे कारखान्यात खरवडलेला आकडा असतो. तो भिंगातून वाचायचा. आकडा जुळला तर रेकॉर्ड म्हणजे देव, नाही जुळला तर भंगार. त्यांच्याकडे आम्ही पाचसहा जण जमायचो, भिंगं काढायचो, माना डोलवायचो आणि चहा पिऊन घरी यायचो. सुई कधी टेकायची नाही. झिजते ना!

माझ्याकडे असा देव एकच, आणि तोही बायकोच्या माहेरचा. माझा मेव्हणा बोटीवर नोकरीला होता. त्याने ही रेकॉर्ड विलायतेहून आणली होती आणि दर सुट्टीत घरी आला की ओटीवर तीच लावून बसायचा. तो गेल्यावर हिने त्याच्या सामानातून तेवढी एकच वस्तू मागून घेतली. ऐकायला म्हणून. मी भिंग लावलं, आकडा वाचला आणि तो चक्क जुळला. त्या दिवसापासून रेकॉर्ड कपाटात आणि चावी माझ्या जानव्याला. सुधारकाने जानवं चावीपुरतं परत घातलं होतं.

ही वर्षातून एकदाच विचारायची, भाऊबिजेच्या दिवशी. आज तरी लावू या का? मी सांगायचो, सुई लागली की किंमत उतरते. अकरा भाऊबिजा मी हेच उत्तर दिलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

गेल्या भाद्रपदात डॉक्टर ती रेकॉर्ड बघायला यायचे होते. पसंत पडली तर त्यांच्याकडच्या दोन रेकॉर्डी मला आणि माझी ती एक त्यांना, असं आमचं फोनवर ठरलं होतं. हिला मी यातलं काही बोललो नव्हतो. त्या सकाळी कपाट उघडून बघतो तर रेकॉर्डवर पांढरी बुरशी. आता बुरशीवर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध. गोधड्या, डाळी, पोथ्या, सुपाऱ्या, जे काही दमट झालं असेल त्याला भाद्रपदातलं ऊन दाखवायचं. हे इतकं अंगात मुरलेलं, की भिंगवाला शहाणा तेवढ्यापुरता कुठे गेला कोण जाणे. मी घरापुढच्या खळ्यात सुपाऱ्यांच्या शेजारी स्वच्छ सूप मांडलं आणि त्यावर रेकॉर्ड ठेवली. पाच मिनिटांसाठी.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. ते पाऊण तास बोलले. विषय, रेकॉर्डी थंड जागी ठेवण्याचं महत्त्व. मी ओटीवर येरझारा घालत, हो साहेब, अगदी बरोबर साहेब, करत होतो. ही मध्येच खळ्यातून आली आणि रेकॉर्डचं काहीतरी सांगू लागली. मला वाटलं, उचलते की काय. फोनवर तळवा दाबून मी तिच्यावर खेकसलो, "हात लावू नकोस!"

तिने नाही लावला.

फोन संपवून गेलो तर भाजताना पापड वळतो तशी रेकॉर्ड वळलेली, एक कड वर, एक खाली. दुपारी डॉक्टर आले. त्यांनी खिशातून भिंगसुद्धा काढलं नाही. आता याचं भिंतीवरचं घड्याळ करा म्हणाले, दोन शहाळी प्यायले, चार नारळ गाडीत घातले आणि गेले.

गाडी वाडीच्या बेड्यातून बाहेर पडून रस्त्याला लागली. मग ही म्हणाली, "आता तिला कुणी नेणार नाही ना? मग लावा."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मला तोंड वर करवेना. प्लेअरवरची धूळ पुसून मी रेकॉर्ड लावली. पहिली दोन गाणी सुई नुसती उड्या मारत होती. आतली मात्र लागली, सूर जरा डुलत. त्यातलं एकही मला ओळखू येईना. आकडा झोपेत विचारला असता तरी सांगितला असता, पण गाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. आणि ही ओटीवर पाय सोडून बसून एकेक गाणं गुणगुणत होती. इंग्रजी शब्दांची पार वाट लावत होती, पण चाल कुठे चुकत नव्हती.

बाजू संपली. सवयीने मी उठून मोरीकडे निघालो, तशी ती म्हणाली, "उलटी लावा आता. हात नका धुऊ."